दातानं सोललेली तार

टेलिफोनच्या खात्यात मी एकतीस वर्षं काढली, त्यातली निम्मी तरी लोकांच्या भिंतीकडे तोंड करून. घरात शिरलं की माणसं बसायला खुर्ची देतात, पण आमचं काम खुर्चीवर बसून होत नाही. उकिडवं बसायचं, पाठ घरमालकाकडे करायची आणि समोर भिंतीवरची ती पांढरी डब्बी उघडायची. कागदोपत्री तिचं नाव रोझेट. बुऱ्हाणपुरात सगळे डब्बीच म्हणायचे. खांबावरून आलेली तार या डब्बीत संपते आणि फोनची दोरी इथून सुरू होते. खात्याची हद्द इथपर्यंत, पुढची गिऱ्हाइकाची. त्यामुळे भांडणंही बहुतेक इथंच व्हायची.

अंकासाठी काही गमतीजमती लिहा, असं संपादकांनी सुचवलं. दोन-तीन आहेत, त्या आधी सांगून टाकतो. खरं लिहायचं आहे ते गमतीचं नाही.

हातानं जोडून देणारं एक्स्चेंज गेलं, नवं आपोआप चालणारं बसलं, घरातून थेट परगावचा नंबर फिरवता येऊ लागला, त्या वर्षांतल्या या गोष्टी. उद्घाटनाला साहेबांनी भाषण केलं की आज बुऱ्हाणपूर देशाशी जोडलं गेलं. आम्ही लाइनमन मागे उभे राहून टाळ्या वाजवत होतो. दुसऱ्या दिवसापासून तक्रारी दुप्पट झाल्या. जोडणी वाढली की सांधे वाढतात, आणि बिघाड नेहमी सांध्यात होतो. हे भाषणात कोणी सांगत नाही.

डब्बी तपासायची रीत सोपी आहे. आधी रिसीव्हर उचलून टोन ऐकायचा. मग झाकणाचा स्क्रू काढायचा. आत पितळेचे स्क्रू असतात, त्यांवर तारा गुंडाळलेल्या. घराकडच्या तारा सोडायच्या आणि आपला टेस्टचा फोन खांबाकडच्या तारांवर लावायचा. टोन आला तर दोष घरात, नाही आला तर बाहेर. घरात असला तर निम्म्या वेळा नुसते स्क्रू आवळून काम होतं. शेवटी एक्स्चेंजमधल्या टेस्ट रूमला फोन लावून 'घंटी दे' म्हणायचं. घंटी वाजली की झाकण लावून निघायचं, आणि तक्रारीच्या चिठ्ठीवर हिंदीत लिहायचं: जांचा, ठीक पाया. मी ते तीन शब्द इतक्या वेळा लिहिले आहेत की माझी सही त्यांच्यापेक्षा वाईट येते.

पॉवरलूमवाल्यांच्या डब्ब्यांत कापसाचा भुगा भरायचा. एका मालकानं मला हात धरून नेलं आणि म्हणाला, "भाऊ, यात माणूस बोलतोय का लूम चालतोय, काही समजतच नाही. खर-खर, खर-खर. व्यापाऱ्याला रेट सांगितला तर तो म्हणे, पहले मशीन बंद करो." मशीन बंदच होतं. डब्बीतून मी मूठभर भुगा काढला, तर म्हणाला की वातीपुरता झाला.

दिवाळीच्या आधी घरोघर चुना लावायचे. रंगारी डब्बीही भिंतीतच धरायचा आणि दोन हात मारून मोकळा व्हायचा. दिवाळीनंतरचे पंधरा दिवस आम्ही चुना खरवडत असायचो. तुकईथडला एका केळीवाल्या शेतकऱ्यानं ओल्या हातानं स्वतःच डब्बी उघडली. साध्या वेळी त्या तारांत विशेष जोर नसतो, पण घंटी येते तेव्हा चांगला झटका बसतो. नेमकी तेव्हाच घंटी आली. तो मला सांगत होता, "आमच्या सासऱ्याचा फोन होता. उचलायच्या आधीच बोलला ना तो."

झाल्या गमती.

आता माझ्या दातांविषयी सांगतो. तार जोडण्याआधी तिच्यावरचं प्लास्टिक सोलावं लागतं. त्यासाठी खात्यानं पक्कड दिलेली होती. पण आमच्यात पक्कड वापरणारा नवशिका समजला जायचा. तार दाढेत धरायची, हलकेच चावायची आणि एका ओढीत सोलायची. मी या कामात सगळ्यांच्या पुढे होतो. शिडीवर उभा राहून, एक हात खांबाला धरून मी तार सोलायचो आणि खाली लोक बघत राहायचे. मला त्याचा फार गर्व होता. दातानं सोलताना तांब्याला बारीक खाच पडते, आणि खाच पडलेली तार महिन्या-दोन महिन्यांत तिथंच तुटते, हे मला शिकवलेलं होतं. मी ते कानाआड केलं.

राजपुऱ्यात महाजन बाई राहायच्या. मराठी शाळेतून शिक्षिका म्हणून निवृत्त झालेल्या. यजमान कोर्टात कारकून होते, ते आदल्या वर्षी वारले होते. फोनचा अर्ज त्यांनीच कधीतरी केलेला. नंबर लागला तेव्हा ते नव्हते. बाईंचा फोन बसवायला मी गेलो.

डब्बी पुढच्या खोलीत लावली. बाई म्हणाल्या, "भाऊ, मी दिवसभर मागच्या खोलीत नाहीतर चुलीपाशी असते. घंटी ऐकू नाही आली तर?"

मी म्हटलं, "मागे जादा घंटी बसवून देतो. अर्ज करा."

"अर्ज केलाय. त्यात लिहिलंय बघा."

खरंच लिहिलं होतं. इतक्या लहान घरात दोन घंट्या मागणारं हे पहिलंच गिऱ्हाईक. मी हसलो, तेव्हा त्यांनी चहा ठेवता ठेवता सगळं सांगितलं. एकुलती मुलगी सुनंदा. नेपानगरच्या कागद कारखान्यात काम करणाऱ्या एका मुलाशी तिनं घरच्यांना न विचारता लग्न केलं. मुलगा दुसऱ्या जातीचा. वडलांनी सांगितलं की या उंबऱ्यात पाय ठेवायचा नाही. मुलगा नोकरी सोडून तिला घेऊन गुजरातेत कुठेतरी गेला. सहा वर्षं झाली होती. बाईंनी मधल्या काळात एक अक्षर लिहिलं नाही, कारण यजमानांना वचन दिलेलं. आता वचन घेणारा गेला होता. जावयाचा एक चुलतभाऊ चांदनी स्टेशनवर कामाला होता. त्याच्या हाती बाईंनी निरोप द्यायचं ठरवलं होतं, आणि निरोपात फोनचा नंबर द्यायचा होता.

"इतकंच सांगेन, फोन कर, मी उचलते," त्या म्हणाल्या. "पत्रात मला काही लिहिता येणार नाही. आवाज ऐकला म्हणजे जमेल."

मी डब्बीपासून मागच्या भिंतीपर्यंत तार नेली. जादा घंटी लावताना मूळ घंटीची वाट नव्या घंटीतून फिरवून आणतात. त्यामुळे ती एक तार तुटली तर दोन्ही घंट्या मुक्या होतात. टोन येतो, बोलणं होतं, बाहेर फोन लागतो, फक्त घंटी वाजत नाही. ती तार मी दातानं सोलली. बाई बघत होत्या. म्हणाल्या, "दात सांभाळा हो." टेस्ट रूममध्ये आमचे तिवारीजी असायचे, त्यांनी घंटी दिली. पुढे वाजली, मागे वाजली. बाईंनी दोन्हीकडे जाऊन ऐकलं आणि मला दुसरा चहा दिला.

दोन महिन्यांनी त्यांची तक्रार आली. खंडव्याला त्यांचे दीर होते. त्यांचं पत्र आलं होतं की वहिनी, घंटी वाजते आणि तुम्ही उचलत नाही, काय प्रकार आहे. इथं थोडं समजावून सांगायला हवं. फोन करणाऱ्याच्या कानात जी घंटी ऐकू येते, ती समोरच्या घरातली नसते. ती एक्स्चेंज त्याला ऐकवतं. समोरच्या घरी फोन चिडीचूप पडलेला असला तरी करणाऱ्याला घंटी ऐकू येतच राहते. त्याला वाटतं, घरी कोणी नाही. किंवा आहे, पण उचलत नाही.

मी गेलो. टोन होता. डब्बी उघडली, स्क्रू आवळले, तिवारीजींना सांगितलं. दोन्ही घंट्या वाजल्या. झाकण लावलं, चिठ्ठी लिहिली, निघालो.

बारा-पंधरा दिवसांनी पुन्हा तक्रार, तीच. पुन्हा उघडलं, पुन्हा वाजली. मी म्हटलं, "बाई, तुम्ही पाणी भरत असाल, ऐकू आलं नसेल."

"मी रविवारी सकाळपासून फोनपाशी बसून होते," त्या म्हणाल्या. "दिरांना पत्रानं वेळ कळवली होती. त्यांनी केला. इथं काहीच नाही."

"मग त्यांनी चुकीचा नंबर फिरवला."

मी झाकणाचा स्क्रू बसवत होतो. बाई म्हणाल्या, "भाऊ, आता एक डाव अजून वाजवून दाखवा ना."

मी म्हटलं, "आत्ताच तर वाजली तुमच्यासमोर."

"ती झाकण उघडं असताना."

शाळेत तीस वर्षं पोरांच्या वह्या तपासलेली बाई ती. जे मला कळायला हवं होतं ते तिला कळलं होतं. पण मी लाइनमन होतो आणि ती गिऱ्हाईक. तरी मी फोन लावला, तर तिवारीजी वैतागले, "पाटील, सकाळपासून चाळीस चिठ्ठ्या पडल्यात. एकाच नंबरला किती डाव घंटी देऊ? ठीक है ना? तो चल." मी बाईंना म्हटलं की टेस्ट रूम बिझी आहे. स्क्रू आवळून निघालो.

तिसरी तक्रार आली तेव्हा लालबाग रोडला खोदकामात मोठी केबल तुटलेली होती. शंभरेक फोन बंद, जो तो डोक्यावर बसलेला. महाजन बाईंची चिठ्ठी माझ्या हातात आली आणि माझं टाळकं सरकलं. मी गेलोच नाही. एक्स्चेंजसमोरच्या चहाच्या टपरीवर बसून लिहिलं: जांचा, ठीक पाया. खाली सही केली. चहा संपायच्या आत काम झालं.

मग तीन आठवडे त्यांची तक्रार आली नाही. मला वाटलं, समजलं एकदाचं बाईंना.

एके दिवशी त्या स्वतः तक्रार खिडकीवर आल्या. भांडायला आल्या नव्हत्या. मला बाजूला बोलावलं आणि पिशवीतून एक पोस्टकार्ड काढून हातात दिलं. "वाचा," म्हणाल्या.

वर तारीख, खाली चारच ओळी होत्या. "आई, निरोप मिळाला. चार रविवार फोन केला. प्रत्येक वेळी बराच वेळ घंटी वाजली, तू उचलला नाहीस. निरोप देऊन तुझं मन बदललं असेल तर मी समजू शकते. आता त्रास देणार नाही. सुनंदा." पत्ता नव्हता.

मी ते दोनदा वाचलं. टपरीवरची चिठ्ठी मी कोणत्या दिवशी लिहिली होती ते मनात मोजून पाहिलं. चारपैकी तीन रविवार त्या चिठ्ठीनंतरचे होते.

सायकलवर बाईंच्या घरी गेलो. त्या चालत मागून येत होत्या. त्या येईपर्यंत ओट्यावर बसून राहिलो. डब्बी उघडली, घंटी मागवली, वाजली. झाकण लावलं आणि पुन्हा घंटी मागवली. तिवारीजी म्हणाले, "दे रहा हूँ." माझ्या शेजारी फोन गप्प पडून होता. मागच्या खोलीतून आवाज नाही. बाई दारात उभ्या होत्या, त्यांनी बघितलं. मी झाकण काढलं, घंटी वाजायला लागली.

तार आत, प्लास्टिकच्या तोंडाशी तुटलेली होती. झाकण उघडं असलं की तार सरळ राहायची आणि दोन टोकं टेकायची. झाकण बसलं की तार वाकायची आणि टोकं सुटायची. तुटल्या जागी माझ्या दाढेची खाच होती. मी तेवढा तुकडा कापला, पक्कड काढून नीट सोललं, जोडलं. दोन मिनिटं लागली. मी तिथंच भिंतीकडे तोंड करून बसून राहिलो, मागे वळायची हिंमत होईना.

"सापडलं का?" बाईंनी विचारलं.

"तार तुटली होती," मी म्हटलं. कोणामुळे तुटली ते सांगितलं नाही. तिसऱ्या चिठ्ठीचंही सांगितलं नाही. त्यांनी चहा दिला. तो मी प्यालो, याची मला आजही लाज वाटते.

पोस्टात ओळखीचे होते, त्यांना कार्डावरचा शिक्का दाखवला. नुसता काळा डाग होता. पुढच्या सुट्टीला पॅसेंजरनं चांदनीला गेलो. जावयाचा तो चुलतभाऊ भेटला. म्हणाला, "एका लग्नात गाठ पडली होती, तिथं नंबर दिला. ते सुरतेकडे होते. आता खोली सोडली म्हणतात, पक्का पता नाही कोणाजवळ." पुन्हा गाठ पडली तर सांग, फोन बिघडला होता, आईनं उचलला नाही असं नव्हतं. एवढं मी त्याच्याकडून तीनदा वदवून घेतलं. तो "हो भाऊ, हो" म्हणत राहिला. सिग्नलला गाडी येऊन उभी होती, त्याचं लक्ष तिकडं होतं.

त्यानंतर दर आठवड्याला मी टेस्ट रूममधून बाईंच्या नंबरवर घंटी द्यायला लागलो. लाइन ठीक आहे ना, एवढंच बघायला. पहिल्याच घंटीला फोन उचलला जायचा आणि बाई म्हणायच्या, "सुनंदा?"

मी म्हणायचो, "नाही बाई, मी पाटील. टेस्टिंग."

"हो का. ठीक आहे हो फोन."

पाचव्या-सहाव्या वेळी त्या म्हणाल्या, "भाऊ, तुमचा हेतू चांगला आहे. पण घंटी नका देत जाऊ." मी थांबवलं. मी काळजी घेत होतो असं मला वाटत होतं, आणि दर आठवड्याला त्या बाईच्या काळजावर पाय देत होतो.

दोन वर्षं गेली. एक दिवस तक्रार रूममध्ये हशा पिकला होता. तिवारीजींनी चिठ्ठी माझ्यापुढे धरली, "हे बघ पाटील, बीस साल में पहिली बार. लोक घंटी चालू करा म्हणतात, या बाई म्हणतात बंद करा." नंबर बघून माझं हसू विरलं.

बाई खूप वाळल्या होत्या. फोनपाशी एक पाट ठेवलेला होता, त्यावर बसल्या. मी विचारलं, "घंटीचा त्रास होतो का? बारीक करून देतो."

"बारीक नको. तुटली होती तशी करा."

मी पक्कड खाली ठेवली. त्याच पुढे म्हणाल्या, वर्गात समजावून सांगावं तशा शांतपणे, "वाजत नव्हती तेव्हा ती फोन करत होती, भाऊ. मला माहीत नव्हतं, पण करत होती. आता घंटी ठीक आहे. म्हणजे ती करत नाही, हे मला रोज समजतं. सकाळी समजतं, दुपारी समजतं. तार सोडून द्या. मग करत असेल असं म्हणायला मी मोकळी."

"आणि खरंच केला तर?"

"दोन वर्षं मी हेच म्हणत बसले ना."

"खंडव्याचे दीर?"

"त्यांना पत्र लिहीन."

नियमानं मला तसं करता येत नव्हतं. नियमानं मी बरंच काही केलं नव्हतं. डब्बी उघडली आणि माझ्याच हातानं पक्की जोडलेली तार स्क्रूवरून सोडवली. चूक केली की बरोबर, मला अजून ठरवता येत नाही. त्यानंतर त्या नंबरवर कधी कोणाचा फोन आला होता का, हे आता कोणालाच सांगता येणार नाही. बाईही राहिल्या नाहीत.

झाकण हातात घेऊन मी तसाच बसलो होतो. पाठ त्यांच्याकडे होती, म्हणूनच बोलता आलं असेल. म्हटलं, "बाई, ही तार मी दातानं सोलली होती, म्हणून तुटली. आणि तुम्ही तिसऱ्यांदा तक्रार केली ना, तेव्हा मी आलोच नव्हतो. बाहेर बसून ठीक म्हणून लिहून टाकलं. त्या दिवशी आलो असतो, तर निदान पुढचे तीन रविवार मिळाले असते."

मागे पाट सरकल्याचा आवाज आला.

"तुम्ही आला नव्हता, ते माहीत आहे मला," बाई म्हणाल्या. "त्या दिवशी मी घरीच होते, भाऊ. तुमचीच वाट बघत होते."